कारभाऱ्याची ताटी

छबूबाईची बोलणी एका दमात निघत. तिच्या नवऱ्याला, कारभारीला, शेतावरून यायला उशीर झाला, की गोठ्याच्या दावणीपाशी सुरू झालेलं बोलणं चुलीपाशी येऊन संपे, आणि मधे कुठं तिनं श्वास घेतलेला कोणाला ऐकू येत नसे. गल्लीतली माणसं म्हणत, "कारभाऱ्याच्या घरी पोथी लागली." कारभारी मान खाली घालून भाकरी खाई. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. कालवणात मीठ असावं तशी ती बोलणी त्याच्या जेवणात होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतर ती बोलणी तुटायला लागली.

गाव शिंगणापूर, शनिदेवाचं. गावात घरांना चौकटी आहेत, पण दारं नाहीत. देव राखणीला असताना दार कोणासाठी लावायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवायची, सकाळी बाजूला करायची. दुष्काळात सरकारी काम निघालं, तेव्हा कारभारीच्या घरासमोरून रस्ता झाला. त्या रस्त्याची खडी छबूबाईनं फोडली होती. तोंडाला पदर बांधून ती दिवस दिवस दगडांच्या ढिगापाशी बसे. आपल्या हातचा रस्ता आपल्या घरापुढून जातो, याचं दोघांनाही कौतुक वाटलं होतं.

पुढं पाऊसपाणी झालं, विहिरीला पाणी आलं, दुष्काळ सरला. रस्त्यावर डांबर मात्र आलं नाही. शनिवारी आणि अवसेला देवाला येणाऱ्यांच्या जीपा, टेम्पो, बैलगाड्या त्या रस्त्यानं धावायच्या, आणि त्यांच्या मागं उठलेला फुफाटा पाहुण्यासारखा सरळ घरात यायचा. त्याला अडवायला दार कुठं होतं? भांड्यांवर धूळ, अंथरुणात धूळ, आणि त्यात चुलीचा धूर. छबूबाईच्या छातीत आधीच खडीची माती बसलेली. तिला दमा लागला. रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्याच ती डोळा लावायची. आणि बोलणं? "जेवलात..." म्हणायची, थांबायची, छाती धरायची, मग "...का?" म्हणायची.

नगरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, बाईला धूळ-धुरापासून लांब ठेवा. शिमग्यानंतर तिचा धाकटा भाऊ गहिनीनाथ आला आणि तिला कोल्हारला घेऊन गेला.

आखितीला कारभारी तिला आणायला गेला. कोल्हार प्रवरेकाठचं गाव. मळ्यात ऊस, बांधावर झाडी, ओलसर वारा. गहिनीनाथाच्या पडवीत छबूबाई चक्क आडवी होऊन झोपली होती. कारभारी बाजेच्या कडेला बसला आणि तिच्या छातीकडं बघत राहिला. कापडाची घडी उलगडावी तसा श्वास आत-बाहेर होत होता.

"दाजी, ऱ्हाऊ द्या तिला हितंच," गहिनीनाथ म्हणाला. "बहीण जड न्हाई मला."

"आन्‌ मी?"

"तुमीबी ऱ्हावा."

"मग माझी गुरं काय देवळात बांधू?"

तेवढ्यात छबूबाई उठली. "मला यायचंय," ती म्हणाली. "हितं समदं चांगलं हाय, पन माझी चूल न्हाई. दुसऱ्याच्या चुलीवर किती दिस..." इथं तिचा दम संपला. पण त्याआधी एवढे शब्द आले, हे कारभारीनं मनात टिपलं.

"मग तिथं दार बसवा," गहिनीनाथ म्हणाला.

नवरा-बायको दोघंही एकदमच त्याच्याकडं वळले.

"दार?" कारभारी म्हणाला.

"आमच्या गावात दार बसवून..." छबूबाई म्हणाली, "मी उंबरा वलांडायची न्हाई. सांगून ठिवते."

गहिनीनाथानं हात जोडले. "बरं बाई. दाजी, मग दार न लावता धूळ अडवून दाखवा. पुढल्या बाजाराला मी सोता तिला घिऊन येतो. पर घरात तिला दम लागला, तर त्याच पावली माघारी आननार. आन्‌ मग पुन्हा पाठवनार न्हाई. बोला."

कारभारी काय बोलणार? व्हय म्हणाला आणि एसटीत बसला.

नगरला गाडी बदलायची होती. कारभारीच्या डोक्यात एकच होतं, दारात टांगायला काहीतरी जाड पाहिजे. भिंगारला छावणीतल्या जुन्या ताडपत्र्या विकायला असतात, असं त्यानं ऐकलं होतं. भर दुपारी तो पायी भिंगारला निघाला. ऊन असं, की सावलीसुद्धा पायाखाली लपलेली. बाजाराच्या टोकाला एका दुकानाच्या तोंडावर काळपट, गवताळ असं काहीतरी लावलेलं दिसलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. कारभारी तिथं नुसता थबकला, तर आतून आवाज आला, "या पाटील, आत या. उन्हात उभं राहून काय कमावता?"

त्यानं ते बाजूला सारलं आणि आत पाऊल टाकलं. आत गारवा होता. माठात वाळ्याची जुडी टाकल्यावर पाण्याला जो वास येतो, तो वास सगळ्या दुकानात भरून होता. बाहेर टांगे धुरळा उडवत जात होते, पण आत उजेडाच्या तिरपीत धुळीचा कण तरंगत नव्हता. कारभारी मटकन खाली बसला. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा बांबूच्या काड्या सुतळीनं बांधत होता. तो नूरुद्दीन. चिकाचे पडदे विणायचा त्याचा धंदा.

"चाचा, हे तोंडाला काय लावलंय?"

"खस की टट्टी."

कारभारी ताडकन उठला. "काय म्हनला?"

नूरुद्दीनला हसता हसता ठसका लागला. "बसा, बसा! आमच्या बोलीत टट्टी म्हणजे आडोसा. साहेब लोकांच्या बंगल्यांना माझे वालिद हेच बनवायचे. तुमच्या बोलीत त्या शब्दाला वास निराळा येतो, ठाऊक आहे मला. तुम्ही आपलं वाळ्याची ताटी म्हणा."

मग कारभारीनं आपली सगळी कथा सांगितली. दार नसलेलं घर, फुफाटा, छबूबाई. म्हाताऱ्यानं हातातलं काम खाली ठेवलं. त्याला बाहेर नेलं आणि ताटीच्या बाहेरच्या अंगावरून बोट फिरवून दाखवलं. बोटाला चिखल लागला. मग आतल्या अंगावरून फिरवलं. बोट नुसतं ओलं.

"वारा आत येतो. धूळ ओल्या मुळ्यांत फसते. ताडपत्री लावाल तर वारापण बंद, मग बाई गुदमरेल. घरानं श्वास घेतला पाहिजे, पाटील. फक्त गाळून घेतला पाहिजे." मग बोट वर करून तो म्हणाला, "आठवड्याला नीट धुवायची. नाहीतर मुळ्या कुजतात, आणि मग तुमचा अर्थ खरा होतो."

दोघंही हसले. कारभारी तिथून उठला तो चौकटीच्या मापाची, बांबूच्या फ्रेममध्ये भरलेली वाळ्याची ताटी डोक्यावर घेऊनच.

आता खरा घोळ झाला तो एसटीत. कंडक्टरनं ती टपावर चढवायला घेतली आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, हे काय हाय?" गाडी भरलेली, निम्म्या बाया. त्यात शेजारची दगडाबाई पुढच्याच बाकावर. तिथं तो शब्द कसा उच्चारायचा? कारभारीनं म्हाताऱ्यानं शिकवलेला शब्द सांगितला. "ताटी हाय."

"कशाला?"

"घराच्या तोंडाला लावायला."

दगडाबाईनं मान वळवून बघितलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही, तेव्हाच कारभारीनं ओळखायला हवं होतं. घोडेगावला उतरल्यावर तिला जीप मिळाली आणि कारभारी ती ताटी डोक्यावर घेऊन चालत निघाला. तो गावात पोचेस्तोवर बातमी सगळीकडं होऊन गेली होती. कारभाऱ्यानं दार आणलं.

त्याच्या घरासमोर दहाबारा माणसं जमलेली. मधे सहादेव आबा काठीवर हनुवटी टेकून बसलेले. आबांचं वय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि गावात काही वाकडं झालं तर लोक त्यांच्याकडंच बघत.

"उतरव खाली," आबा म्हणाले.

कारभारीनं ताटी भिंतीला टेकवली. मानेतून कळ गेली.

"आबा, दार न्हाई हे. ताटी हाय."

"तेच म्हनत्ये मी," दगडाबाई पुढं झाली. "माझ्या म्हायेरी धनगरवाड्यावर दाराला ताटीच लावत्यात. ताटी म्हंजी दार. गरिबाचं असलं तरी दारच."

"ही तशी न्हाई गं बाई. ही पानी घालायची ताटी हाय."

"दाराला पानी घालून काय पालवी फुटनार हाय का, भावजी?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. "कारभाऱ्या, तुझी बायकू आजारी हाय, समद्यांला ठावं हाय. पर आज तू ताटी लावली, उद्या दुसरा फळ्या ठोकील, परवा तिसरा कडी-कोयंडा आनील. आपल्या वाडवडिलांनी येवढी येकच गोष्ट सांभाळाया दिली. ह्याला दुसरं काय नाव असंल तर सांग. न्हाईतर माघारी दे."

कारभारीनं जमलेल्या बायांकडं बघितलं.

"हाय का दुसरं नाव?"

"हाय."

"मग बोल की."

"माझ्यानं बोलवत न्हाई, आबा. बायाबापड्या हायती."

"नावात काय अभद्र असतंय? घे नाव."

कारभारीनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं. "टट्टी."

आबांनी कानामागं हात धरला. "काय?"

"टट्टी, आबा. भिंगारचे नूरुद्दीन चाचा म्हनले. खस की टट्टी."

दगडाबाईनं तोंडाला पदर लावला. मग तो पदर हलायला लागला. मग कोणीतरी मागून म्हणालं, "आबा, ताटी बरी का ही बरी?" आणि गल्लीभर हसू फुटलं. आबांची काठी हातातून गळून पडली. डोळे पुसत ते म्हणाले, "आरं, दार परवडलं! घराच्या तोंडाला..." आणि पुढं त्यांना बोलताच येईना.

हसून झाल्यावर माणसाचं मन मोकळं होतं. आबा उठले, जवळ आले, वाळ्याचा वास घेतला. "कडी हाय का ह्याला?"

"न्हाई."

"बिजागरी?"

"न्हाई."

"मानूस आत येताना अडंल का?"

"अंगाला वाळा लागंल. त्येवढंच."

"मग ही बांबूची चौकट काढून टाक. चौकटीत ताठ चौकट बसली की दार आलं. नुस्ता वाळा वरनं सुतळीनं टांग, घोंगडं टांगल्यावानी. खाली सुटा पायजे. मंग तो पडदा झाला. पडद्याला आपल्यात ना न्हाई."

दगडाबाईनंच बसून फ्रेमच्या गाठी सोडल्या. सुतळीत वाळा पुन्हा गुंफायला तिनं हातही लावला, पण तोंड चालूच होतं. "छबूबाई आली की सांगते तिला, तुमच्या दाल्ल्यानं गावाला काय दाखवलं."

पडदा टांगला गेला. कारभारीनं तांब्यानं पाणी मारलं. दुपारचा वारा त्यातून आत शिरला तसा घरात गारवा उतरला. सहादेव आबा तपासणी करतो म्हणून आत जाऊन बसले, आणि तिन्हीसांजेपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्यांना तपासणी राहिल्याची आठवण झाली. रस्त्यानं जीप गेली की ते आतून म्हणत, "बघ, फुफाटा तिथंच थांबला. आमच्या दुष्काळात असं पानी मारलं असतंस, तर लोकांनी तुलाच हिरीत मारला असता."

कारभारीचा उत्साह वाढत चालला. त्यानं घर शेणानं सारवलं, भांडी धुऊन पालथी घातली. मग एकदा खाली पडून वर बघताना त्याची नजर सान्यावर गेली. घर धाब्याचं, मातीच्या छताचं, आणि चुलीच्या बरोबर वर छताला हातभर भोक, धूर जायला. त्याला सानं म्हणतात. एवढी धूळ खाली अडवली आणि वरून आली तर? त्यानं गोणपाटाचा बोळा केला, धाब्यावर चढला आणि सानं गच्च बुजवून टाकलं. वरून दगड ठेवला. आता कण यायला जागा नाही. आपल्याच हुशारीवर तो खूश झाला. स्वतःपुरती भाकरी तो अंगणात तीन दगड मांडून भाजत होता, त्यामुळं आतली चूल थंडच होती.

बाजाराच्या दिवशी गहिनीनाथ छबूबाईला घेऊन आला. चौकटीपाशी ती थांबली. पडद्याकडं बघितलं. हातानं वाळा चाचपला, नाक जवळ नेलं.

"माठावानी वास येतोय," ती म्हणाली.

"आत ये की."

ती आत गेली. गहिनीनाथ आत गेला. बाहेरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज आला, धूळ आली नाही. गहिनीनाथानं उतरंडीवरच्या मडक्यावर बोट फिरवलं आणि बोट बघितलं. "दाजी, मानलं," तो म्हणाला. कारभारीला आभाळ ठेंगणं झालं.

"बसा दोघं," छबूबाई म्हणाली. "भाकरी टाकते." तिनं पदर खोचला, आपल्या चुलीवरून हात फिरवला, काटक्या घातल्या आणि जाळ केला.

धूर उठला. वर गेला, छताला भिडला, तिथून पसरला आणि खाली उतरायला लागला. बघता बघता घरात काही दिसेना. छबूबाईला खोकला आला. एक, मग दुसरा, मग थांबेचना. गहिनीनाथानं तिला धरून पडद्यातून बाहेर काढलं आणि ओट्यावर बसवलं. तिचे खांदे वरखाली होत होते. कोल्हारात मिळवलेला सगळा दम एका घटकेत गेल्यासारखा.

"दाजी," गहिनीनाथ म्हणाला, आणि त्याचा आवाज रागाचा नव्हता, तेच वाईट होतं. "ठरलं हुतं आपलं. पाच वाजताची गाडी हाय."

कारभारी पडद्यापुढं उभा. एवढं करून काय चुकलं? पडद्यातून धूर झिरपत बाहेर येत होता. धूर इकडून का येतो? तो नेहमी जातो कुठून? आणि मग भिंगारच्या म्हाताऱ्याचं बोलणं कानात वाजलं. घरानं श्वास घेतला पाहिजे. अरे, घेतलेला सोडायला नको का? मी घराचं नाक धुतलं आणि तोंड बांधून ठेवलं!

"थांब!" तो ओरडला. "जाऊ नगंस! मीच गाढव हाय!"

"त्ये कळलं," गहिनीनाथ म्हणाला, पण तोवर कारभारी शिडीवर होता.

धाब्यावर जाऊन त्यानं दगड बाजूला लोटला आणि गोणपाटाचा बोळा दोन्ही हातांनी ओढला. तो निघाला तसा खालून धुराचा लोट भसकन वर आला आणि त्याचं तोंड काळं करून गेला. मग लोट पातळ झाला. मग दोरीसारखा सरळ, पिळदार धूर आभाळात जाऊ लागला. वाकून बघितलं तर खाली वाळ्याचा पडदा आत झुकला होता. चूल वर ओढत होती आणि पडदा खालून ताजा, ओला, गाळलेला वारा आत घेत होता. घराचा श्वास चालू झाला.

वरून धूळ पडू नये म्हणून त्यानं सान्याभोवती तीन दगड मांडले आणि त्यांच्यावर एक फुटका डेरा पालथा घातला. धुराला बाजूनं वाट, धुळीला आडोसा. हे काम त्यानं मुद्दाम सावकाश केलं, कारण खाली उतरायची छाती होत नव्हती. ओट्यावरचा खोकला कमी झालेला ऐकू आला. मग थांबला. मग बांगड्या वाजल्या. कोणीतरी आत गेलं. बराच वेळ काहीच नाही. मग भाकरी थापल्याचा आवाज सान्यातून वर आला, थप, थप, थप. कारभारी श्वास रोखून ऐकत बसला. खोकला येतो का? नाही आला. पहिली भाकरी तव्यावर पडल्याचा वास आला.

आणि मग सान्यातून छबूबाईचा आवाज वर चढला.

"हे सानं बुजवायची अक्कल कोनी दिली वो तुमाला चूल काय शोभेला मांडलीय का घरात मी दोन म्हयने न्हाई तर तव्याला भोक पाडलंय का काय केलंय हे बघा काळाठिक्कर तवा आन्‌ दारात पानी मारून मारून उंबऱ्याशी चिखल केलाय त्यात म्हस बसंल म्हस आन्‌ ती दगडाबाई मला वाटंतच धरून सांगती तुमच्या धन्यानं गावात नाव काढलं म्हनती छबूबाईच्या चौकटीला टट्टी टांगलीय म्हनती आता मी कुन्या तोंडानं पान्याला जाऊ सांगा की बसलाव का वर माकडावानी!"

कारभारी पालथ्या डेऱ्याशी वाकून बसला होता. धूर डोळ्यांत जात होता, पाणी गालांवरून वाहत होतं. गल्लीच्या पलीकडून सहादेव आबांचा आवाज आला, "पोथी लागली रं, पोथी लागली!"

खालून गहिनीनाथानं हाक मारली, "दाजी, उतरा आता. भाकरी झाली. मी येकटाच जातो पाचच्या गाडीनं."

कारभारीनं हात हलवून त्याला गप्प केलं.

"जरा दम धर," तो म्हणाला. "तिचं हुईस्तोवर."